सक्रिय, निरोगी जीवनशैली आणि राष्ट्रविकास : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून माझी नोकरी संपली, तरी प्रश्न विचारणारे संपले नाहीत. पूर्वी विद्यार्थी विचारत. आता त्यांचे पालक आणि सकाळी फिरताना भेटणारे समवयस्क विचारतात. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. उत्तरे शक्यतो नागपूरच्या हवामानाला, रस्त्यांना आणि ताटाला धरून दिली आहेत, कारण थंड प्रदेशात बसून लिहिलेला सल्ला नवतपाच्या उन्हात राहणाऱ्याला अर्धाच उपयोगी पडतो.

मी फिरायला जातो की नाही, ही माझी खासगी बाब आहे. तिचा राष्ट्राच्या विकासाशी संबंध जोडणे ही अतिशयोक्ती नव्हे काय?

आक्षेप रास्त आहे आणि तो घेणाऱ्याला भाषण देऊन गप्प करू नये; हिशेब मात्र मांडून पाहावा. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांमुळे होत. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. यांतील पुष्कळांना हे आजार चाळिशी-पन्नाशीत गाठतात, म्हणजे ज्या वयात माणूस सर्वाधिक कमावतो, दुकान चालवतो, शेती सांभाळतो आणि मुलांच्या शिक्षणाचा भार उचलतो, नेमके त्याच वयात.

इतवारीत कापडाचे लहान दुकान चालवणाऱ्या ४७ वर्षांच्या एखाद्या गृहस्थाला पक्षाघात झाला असे समजा. दुकान चार महिने बंद राहते, मुलीची शिकवणी सुटते, पत्नी दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकते आणि घर बांधण्यासाठी साठवलेली रक्कम तपासण्या व औषधांत जाते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चाचा सुमारे ३९ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०१३-१४ मध्ये तो ६४ टक्के होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे, पण ओझेही मोठेच आहे. अशी लाखो घरे एकत्र केली की जो आकडा येतो, त्यालाच अर्थशास्त्रज्ञ राष्ट्रीय नुकसान म्हणतात. जागतिक आर्थिक मंच आणि हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ साली असा अंदाज वर्तवला होता की, असंसर्गजन्य आजार आणि मानसिक विकार यांमुळे २०१२ ते २०३० या काळात भारताचे सुमारे ४.५८ लाख कोटी डॉलरचे नुकसान होईल. आज देशाची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली आहे. ही पिढी पन्नाशीला पोहोचेल तेव्हा ती कामावर असेल की रुग्णालयाच्या रांगेत, हे बऱ्याच अंशी आताच ठरत आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये पोषणाचा स्तर, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. म्हणजे संबंध दुहेरी आहे. तुमचे आरोग्य देशाच्या उपयोगी पडते हे जितके खरे, तितकेच तुम्हाला चालता यावे अशी सोय करणे हे शासनाचे देणे आहे, हेही खरे.

सक्रिय म्हणजे नेमके किती? काही माप आहे का?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत, तर पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांवर विशेष भर द्यावा असे म्हटले आहे.

मध्यम श्रम ओळखण्यासाठी घड्याळाची किंवा मनगटावरच्या पाऊलमोजणी पट्ट्याची गरज नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तो जोरकस. फुटाळ्याच्या काठाने गप्पा मारत, मध्येच थांबत, मक्याचे कणीस खात केलेली फेरी मनाला चांगली असते. तिला व्यायामाच्या वहीत मांडताना मात्र थोडे प्रामाणिक राहावे.

भारतीय लोक खरोखरच इतके बैठे झाले आहेत का?

२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार २००० साली भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती. २०२२ साली हे प्रमाण सुमारे ४९ टक्के झाले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. त्याच वर्षी जगाची सरासरी ३१ टक्के होती. हाच कल राहिला, तर २०३० पर्यंत भारतातील ६० टक्के प्रौढ या गटात मोडतील, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

दोन दशकांत लोक अचानक आळशी झाले, असे मला वाटत नाही. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर एकेकाळी सायकल ठेवायला जागा मिळत नसे. मी निवृत्त झालो तेव्हा तेथे शिक्षकांच्या मोपेड लागत होत्या आणि मुले ऑटोतून किंवा व्हॅनमधून येत होती. नोकरी खुर्चीवर आली, किराणा मोबाइलवर आला, शहर वर्धा रोडने आणि हिंगण्याच्या दिशेने पसरत गेल्याने अंतरे वाढली. पूर्वी हालचाल ही दिवसाच्या व्यवहारातच मुरलेली होती. आता ती वेगळा वेळ काढून करावी लागते, आणि वेगळा वेळ ज्याच्याकडे असतो त्यालाच ती परवडते. या पानावरील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

मी सडपातळ आहे, वजन वाढलेले नाही. मला याची काय गरज?

हा गैरसमज आपल्याकडे विशेष घातक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली एक बोलके उदाहरण मांडले. त्या दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बाहेरून किरकोळ दिसत असताना पोटात, यकृताभोवती चरबी साठवू शकते आणि त्याच्या तुलनेत स्नायू कमी असू शकतात. म्हणूनच आपल्यासाठी २३ पुढचा निर्देशांक जोखमीचा मानतात आणि वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही वापरायला सांगतात : पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा.

रोज दहा हजार पावले चाललेच पाहिजे का?

नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते. पुढे झालेल्या अभ्यासांत सात-आठ हजार पावलांपर्यंत बराचसा लाभ पदरात पडतो असे दिसले, आणि साठीपुढच्यांना त्याहून थोडी कमी पावलेही पुरतात. जो आज दोन हजार चालतो, त्याने चार हजारांवर जाणे हे आठ हजारवाल्याने दहावर जाण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

कार्यालयात आठ तास बसावेच लागते. सकाळी तासभर चाललो, तर त्याची भरपाई होते ना?

पुष्कळ अंशी होते. पूर्ण होत नाही.

बसून राहणे आणि हृदयविकार यांच्या नात्याचा पहिला ठोस पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की, दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने वर-खाली करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. एकच बस, एकच रस्ता, फरक फक्त पायांचा. आपल्या एसटीच्या कंडक्टरला हे वाचून समाधान वाटावे.

यामागचे शरीरशास्त्र साधे आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनची वाट न पाहताही आत ओढून घेऊ शकतात. तासन्‌तास बसल्यावर, विशेषतः जेवणानंतर, हा मार्ग जवळजवळ बंद असतो. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीत असो वा मिहानमधल्या संगणक कंपनीत, डबा खाल्ल्यावर दहा मिनिटे व्हरांड्यात चालणे, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, पाण्याची बाटली जागेवर भरून न ठेवता उठून पाणी पिणे या किरकोळ वाटणाऱ्या सवयी खऱ्या कामाच्या आहेत. फाइल आणायला शिपायाला पाठवणारा साहेब आपले आरोग्य शिपायाला देतो, असे आमचे एक सहकारी म्हणत. त्यात विनोद थोडा आणि तथ्य जास्त होते.

नागपूरच्या उन्हाळ्यात व्यायाम करायचा तरी कसा?

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे नागपूरकराला सांगण्याची गरज नाही. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि नंतर हवामान खात्याने तो यंत्रातील दोष असल्याचे स्पष्ट केले. तरी अनेकांनी तो आकडा चटकन खरा मानला, यातच आपल्या उन्हाळ्याची ख्याती आली.

शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण घटतो. म्हणून होळीनंतर ऊन चढू लागले की व्यायाम एकदम बंद करून जूनमध्ये नव्याने सुरू करण्यापेक्षा तो थोडा कमी करून, वेळ बदलून चालू ठेवणे शहाणपणाचे आहे. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते. पाच ते साडेसहा ही वेळ त्यातल्या त्यात सुसह्य असते. संध्याकाळी मात्र सूर्य मावळला तरी डांबर आणि भिंती दिवसभराची धग रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, हे पुष्कळजण विसरतात. रस्त्यापेक्षा झाडाखालची मातीची वाट निवडावी. सेमिनरी हिल्सची झाडी, महाराजबाग आणि अंबाझरीचा परिसर हे या दृष्टीने शहराचे भाग्य आहे, आणि एकेक जुने झाड रस्तारुंदीत पडते तेव्हा सावलीबरोबर चालणारेही कमी होतात.

नवतपाच्या नऊ दिवसांत घरातच कुलरसमोर सूर्यनमस्कार, बैठका किंवा योगासने करावीत. निघण्यापूर्वी पाणी प्यावे. परतल्यावर ताक, पन्हे किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. खिशातल्या कांद्याने उष्माघात टळतो याला शास्त्रीय आधार नाही, डोक्याला बांधलेल्या ओल्या दुपट्ट्याला आहे.

एक गोष्ट मात्र पाठच करावी. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला, कोसळला आणि अंग तापाने फणफणल्यासारखे झाले, तर तो थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये.

आणि हिवाळ्यात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपूरचा सोन्यासारखा काळ आहे. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे धूर आणि धुके जमिनीलगत साचते, आणि कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे जवळ असलेल्या शहरात हवेकडे डोळेझाक करता येत नाही. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर त्या दिवशीची हवा पाहता येते.

दिवसभर घरकाम करणाऱ्या स्त्रीला वेगळ्या व्यायामाची गरज असते का?

पुरुषमंडळी हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, तो सूर मला आवडत नाही. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे.

घरकाम ही हालचाल आहेच आणि जागतिक सूचनांत ती मोजली जाते. मात्र पोळ्या लाटणे, भांडी घासणे, भाजी निवडणे यांत बराच वेळ एकाच जागी उभे राहणे किंवा वाकणे असते. दम लागेल इतका वेग नसतो आणि मांड्या, पाठ, खांदे यांना नेमके बळही मिळत नाही. परिणामी कंबर दुखते, थकवा येतो आणि हृदयाला हवा तो लाभ होत नाही. याचा अर्थ त्या स्त्रीने आणखी एक काम अंगावर घ्यावे असा होत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात स्त्रिया दिवसाला सुमारे २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. तिला चालायला पाठवायचे असेल, तर त्या २८९ मधली तीस-चाळीस मिनिटे कोणीतरी आपल्याकडे घ्यावी लागतील. पाच वाजता उठून टाळ्यांच्या व्यायामाला जाणाऱ्या किती काकांच्या घरी परतल्यावर चहा तयार असतो, हे मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांत मीही होतो.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. बाग संध्याकाळी सातनंतर अंधारी असेल, स्वच्छतागृहाला कुलूप असेल आणि फाटकाशी टवाळ पोरांचा अड्डा असेल, तर अपुरी हालचाल असलेल्या स्त्रियांचा ५७ टक्क्यांचा आकडा केवळ उपदेशाने खाली येणार नाही.

हमाल, बांधकाम मजूर, सायकल-रिक्षावाले यांनीही व्यायाम करावा का?

कळमना बाजारात दिवसभर पोती वाहणाऱ्याला आठवड्याची १५० मिनिटे सांगणे हा अपमान आहे. त्याला पुरेसे अन्न, सावली, पिण्याचे पाणी, विश्रांती आणि पाठीची तपासणी हवी. अतिश्रमाचे काम आणि मोकळ्या वेळातला व्यायाम यांचे शरीरावरील परिणाम एकसारखे नसतात. पहिल्यात विश्रांतीवर ताबा नसतो, दुसऱ्यात असतो. राष्ट्रविकासाच्या नावाने निरोगी जीवनशैलीचा प्रचार करताना हा वर्ग नेहमीच नजरेआड राहतो.

निरोगी राहायचे म्हणजे तर्री पोहे आणि सावजी सोडायचे का?

सोडायचे नाही, मोजायचे.

तर्री पोह्यांतील हरभरे हे उत्तम कडधान्य आहे. अडचण वर तरंगणाऱ्या तेलाची आणि त्याबरोबर येणाऱ्या शेव-समोशाची. विणकर कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला सावजी रस्सा हा कष्ट करणाऱ्या शरीरांचा आहार होता. मागावर दिवस काढणाऱ्याने तो खाणे आणि आपण गाडीतून जाऊन, गाडीतून येऊन, आठवड्यातून तीनदा तो खाणे यांत फरक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत देशातील एकूण आजारभारापैकी सुमारे ५६ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडला आहे आणि दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. पापड, लोणचे, फरसाण, चिवडा हे मिठाचे छुपे मार्ग आपल्या ताटात भरपूर आहेत.

विदर्भाच्या जुन्या ताटात चांगले काही कमी नव्हते : ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण. संत्र्याबद्दलही एक सांगणे आहे. संत्रे सोलून, फोडी चावून खावे. रसात चोथा गळून जातो आणि साखर उरते. आणि संत्रा बर्फीला फळ म्हणणे हे आपले नागपुरी प्रेम आहे, आहारशास्त्र नव्हे.

मी रोज पाच किलोमीटर चालतो, मग दिवसातून एक-दोन खर्रे खाल्ले तर चालेल ना?

चालणार नाही. आरोग्यावर बोलणारी बाहेरची मंडळी सिगारेट आणि दारूवर थांबतात. आपल्याकडे खरा प्रश्न खर्र्याचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ चालणे, पळणे, जोर-बैठका यांपैकी कशानेही फेडला जात नाही. तंबाखू सोडा, नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे; खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर कसा मिळतो, हे वाचकांनी कृपया मला विचारू नये. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तलफ आली की दहा मिनिटे भरभर चालल्याने ती ओसरायला मदत होते, एवढाच चालण्याचा आणि खर्र्याचा संबंध असावा.

नागपूरने इतके चांगले खेळाडू दिले. मग शहराचे आरोग्य चांगले नाही का?

ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदके आणली. मालविका बनसोडने बॅडमिंटनमध्ये नाव काढले. दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तोही बसून खेळण्याच्या खेळात, त्यामुळे आमचा एक मुद्दा जरा लंगडा पडतो. अभिमान वाटावा असेच हे आहे. मात्र पदके ही थोड्यांची पराकाष्ठा असते आणि सार्वजनिक आरोग्य ही पुष्कळांची सवय असते. मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या 'फिट इंडिया' मोहिमेने खेळाडूंपलीकडच्या सामान्य नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवले, ही तिची जमेची बाजू. त्या दिवशी शपथ घेणाऱ्या शाळेत दुसऱ्या दिवशी पीटीचा तास होतो का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

शाळेतला खेळाचा तास गणिताला दिला जातो. पालकांनी काय करावे?

मी ज्या शाळांत काम केले, त्यांतल्या एका ठिकाणी जानेवारी उजाडला की दहावीचे खेळाचे तास काढून घेत आणि मला पर्यवेक्षणाला बसवत. मी तक्रार केली, उत्तर मिळाले नाही, आणि पालकसभेत एकाही पालकाने तो विषय काढला नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम अशी कडक विभागणी नको म्हणते. तेव्हा पालकांनी सभेत गुणांइतक्याच गांभीर्याने विचारावे की, आठवड्यात मैदानावरचे तास किती झाले आणि त्यांत संघाबाहेरची मुले किती खेळली. बहुतेक शाळांत पंधरा मुले खेळतात आणि चाळीस टाळ्या वाजवतात. लगोरी, लंगडी, खो-खो, आट्यापाट्या या खेळांना साहित्याचा खर्च जवळजवळ नाही आणि त्यांत जाड, बुटके, लाजाळू असे कोणीही सामावून जाते.

व्यायामाला जिम आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, कोणाला तेथे जाऊन सातत्य राहत असेल, तर जावे. ताकदीचा व्यायाम मात्र टाळू नये, कारण तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर पडण्याचे, हाड मोडण्याचे तेही एक मोठे कारण असते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, पाण्याच्या भरलेल्या बादल्या उचलणे हेही ताकदीचेच व्यायाम आहेत. विदर्भाला याची मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. तेथील पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. वृद्धांनी खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा.

सिकलसेल, मधुमेह किंवा हृदयविकार असताना व्यायाम करावा का?

बहुतेकांनी करावा, पण स्वतःच्या डॉक्टरांना विचारून. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक दोन्ही मोठ्या संख्येने आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. या विकारात शरीरातील पाणी कमी झाले, अतिश्रम झाले किंवा थंडी बाधली, तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. रुग्ण मुलाने हलका, थांबून थांबून केलेला व्यायाम करावा आणि जवळ पाणी ठेवावे. शिक्षकांना ही गोष्ट पालकांनी लेखी कळवावी. वाहकांना सहसा त्रास होत नाही, मात्र पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीसाठी मे महिन्यात पळणाऱ्या तरुणांनी तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ही तपासणी शासकीय केंद्रांवर होते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम आल्यास तेथेच थांबावे; 'गॅस असेल' म्हणून फेरी पूर्ण करू नये.

नागरिकांनी महानगरपालिकेकडे आणि शासनाकडे नेमके काय मागावे?

आधी पदपथ. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते सुंदर झाले, पण कडेच्या पदपथावर रोहित्र, जाहिरातफलक, उभ्या गाड्या आणि पाणीपुरीचा ठेला यांतून वाट काढत शेवटी म्हातारा माणूस रस्त्यावरच उतरतो. ठेलेवाल्याला हुसकावून प्रश्न सुटत नाही, त्याला जागा आखून द्यावी लागते.

वैयक्तिक निर्धाराने काय होते आणि व्यवस्थेने काय होते, यातला फरक पाहायचा असेल, तर फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया प्रांताकडे पाहावे. तेथील पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वाधिक होते आणि १९७१ साली लोकांनीच सरकारकडे मदत मागितली. मग डॉक्टरांनी नुसता उपदेश केला नाही. गृहिणींच्या संघटना, दुग्धव्यवसाय, सॉसेज बनवणारे, शाळा या सर्वांना बरोबर घेतले, लोण्याऐवजी तेल आणि जेवणात कमी मीठ असे बदल घडवले. चार दशकांत कामाच्या वयातील पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. कोलंबियातील बोगोटा शहर तर १९७४ पासून रविवारी प्रमुख रस्ते मोटारींना बंद करून चालणारे, पळणारे आणि सायकलस्वार यांना मोकळे सोडते.

नागपूरला हे अशक्य नाही. शहर बहुतांशी सपाट आहे, तलाव आहेत, मैदाने आहेत. मेट्रोने सायकल डब्यात नेण्याची मुभा दिली आहे; स्थानकापर्यंत सायकलने पोहोचण्याची सुरक्षित वाट मात्र बहुतेक ठिकाणी नाही. प्रभागातील मैदान लग्ने, प्रदर्शने आणि सभांसाठी वर्षातले किती दिवस भाड्याने दिले गेले, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात प्रत्येकाला विचारता येतो. आमच्या वस्तीतल्या काहींनी तो विचारला आणि मिळालेले उत्तर मैदानाच्या फाटकावर चिकटवले. पुढच्या हंगामात मंडप जरा लवकर उतरले.

दरवर्षी एक जानेवारीला सुरू करतो आणि संक्रांतीपर्यंत सुटते. उपाय काय?

सुरुवात लाज वाटावी इतकी लहान ठेवावी : पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटे. ती एखाद्या पक्क्या कामाला जोडावी, म्हणजे दूध आणायला पायी जाणे, मुलाला बसथांब्यावर चालत सोडणे, एक चौक आधी उतरणे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, नेहमीइतकेच करावे.

आणि सोबती असावा. माझे शेजारी निवृत्त बँक अधिकारी आहेत; आमचे ठरले आहे की सहाला पाच मिनिटे कमी असताना जो कोपऱ्यावर नसेल, त्याच्या घरची घंटा दुसऱ्याने वाजवायची. घंटेने घरातले सगळेच जागे होतात, त्यामुळे आता दोन्ही घरची मंडळीच आम्हाला वेळेवर बाहेर काढतात.